हास्केलला ‘चालतंय’ म्हणायला शिकवूया: ढिल्या टाइपांची गमतीदार लायब्ररी, पायरी पायरीने

हास्केल ही टाइपांच्या, म्हणजे किमतींच्या प्रकारांच्या बाबतीत अतिशय कडक अशी प्रोग्रामिंग भाषा. आकडा तो आकडा, अक्षरं ती अक्षरं. "5" या स्ट्रिंगमध्ये 3 मिळवायला गेलात, तर प्रोग्राम सुरू होण्याआधीच कंपायलर अडवतो. आणि तरीही हास्केलच्या सार्वजनिक पॅकेज-भांडारात, हॅकेजवर, अ‍ॅक्मी-पीएचपी नावाचं एक पॅकेज आहे. हास्केलची लवचिकता आणि पीएचपीची सुरक्षितता एकाच जागी, असं त्याचं वर्णन. ज्या भाषेचा जो गुण सांगितला जातो तो मुद्दाम दुसरीच्या पदरात टाकलेला आहे. ‘अ‍ॅक्मी’ हे उपपद पर्लच्या जगातून आलं. तिथे सीपॅन या पॅकेज-भांडारात थट्टेच्या मॉड्यूलांना हेच आडनाव असतं. डेमियन कॉनवे यांचं अ‍ॅक्मी-ब्लीच तर अख्ख्या प्रोग्रामला ‘धुऊन’ नुसत्या स्पेस आणि टॅबमध्ये बदलतं, आणि प्रोग्राम तरीही चालतो.

या लेखात आपण तशीच एक छोटी लायब्ररी स्वतः लिहिणार आहोत. नाव ठेवूया ‘चालतंय’. गंमत आहेच, पण नवख्या माणसाला टाइपक्लास (एकच क्रिया वेगवेगळ्या टाइपांना लागू करायची हास्केलची व्यवस्था) शिकायला यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही. पीएचपी किंवा जावास्क्रिप्ट वापरताना "5" चा 5 कधी झाला हे कळतही नाही. भाषेने ते कधीच ठरवून ठेवलेलं असतं. हास्केलमध्ये तोच ढिलेपणा आणायचा तर प्रत्येक निर्णय तुम्हाला स्वतःच्या हाताने लिहावा लागतो. रिकामी स्ट्रिंग म्हणजे शून्य का? "5 आंबे" म्हणजे पाच का? "0" खरं की खोटं? हे प्रश्न एकदा स्वतः सोडवले की कुठल्याही भाषेतल्या टाइपांकडे बघायची नजर बदलते.

एक सोय आधी सांगतो. कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत; संपादकात ते नेहमीसारखे रोमन अक्षरांत, हास्केलच्या स्पेलिंगप्रमाणे टाइप करायचे. कोडमधले आकडे मात्र 5, 3 असेच ठेवलेत, कारण पुढे एका पायरीवर 5 आणि ५ यांतला फरकच महत्त्वाचा आहे.

पायरी १: हत्यारं

जीएचसीअप हा इन्स्टॉलर वापरा. तो जीएचसी कंपायलर, कॅबाल आणि संपादकासाठी लागणारा लँग्वेज सर्व्हर असं सगळं एकदम बसवतो, आणि लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हीवर चालतो. जीएचसीची आवृत्ती ९.२ किंवा नंतरची घ्या. का ते तिसऱ्या पायरीत येईल. मग टर्मिनलवर जीएचसीआय सुरू करा. एक ओळ लिहायची, लगेच उत्तर बघायचं, असा हा खेळ आहे.

पायरी २: एरर नीट वाचा

जीएचसीआयमध्ये लिहा:

"5" + 3

लाल अक्षरांत एरर येईल. बहुतेक नवखे इथे मान खाली घालून कोड बदलायला लागतात. थांबा, तो मजकूर वाचा. ‘स्ट्रिंगमध्ये आकडा मिळवता येत नाही’ असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. म्हटलंय एवढंच की ‘नम स्ट्रिंग’ असा इन्स्टन्स, म्हणजे स्ट्रिंगला ‘नम’ या आकड्यांच्या टाइपक्लासमध्ये बसवणारी व्याख्या, सापडला नाही. काही आवृत्त्यांत स्ट्रिंगच्या जागी चौकटी कंसातलं ‘चार’ (कॅरेक्टर, म्हणजे अक्षर) दिसेल. ते एकच, कारण हास्केलमधली स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची यादी.

म्हणजे कंपायलर मनाई करत नाहीये. स्ट्रिंगची बेरीज कशी करायची हे मला कुणी सांगितलेलं नाही, एवढंच तो म्हणतोय. आपण सांगूया.

त्याआधी आणखी एक ओळ:

:टी 3

उत्तर ‘इन्ट’ किंवा ‘इंटिजर’ असं येत नाही. येतं ते ‘नम पी असेल तर पी’ अशा अर्थाचं. सगळी किल्ली इथे आहे. हास्केलमध्ये 3 लिहिलं की कंपायलर ते ‘फ्रॉमइंटिजर 3’ असं वाचतो. नम या टाइपक्लासमध्ये बसणारा कुठलाही टाइप असो, तो 3 त्या टाइपचा होऊ शकतो. म्हणून स्ट्रिंगला नममध्ये बसवलं की 3 आपोआप "3" होईल. ढिलेपणाची ही वाट भाषेत पहिल्यापासून आहे. टाइपक्लासची कल्पना फिलिप वॅडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ साली मांडली. वेगवेगळ्या टाइपांसाठी एकच + आणि एकच == वापरायची, पण शिस्त न सोडता, हाच प्रश्न त्यांच्यासमोर होता. १९९० सालच्या हास्केलच्या पहिल्या अधिकृत अहवालात टाइपक्लास आले आणि तेव्हापासून ते या भाषेचा कणा आहेत.

पायरी ३: पहिला इन्स्टन्स

नवी फाइल बनवा, नाव चालतंय, पहिलं अक्षर कॅपिटल. वर ‘मॉड्यूल चालतंय व्हेअर’ लिहा आणि डेटा.चार इम्पोर्ट करा. आधी स्ट्रिंगमधून आकडा काढणारं फंक्शन हवं. त्याला ‘काढ’ म्हणू:

काढ :: स्ट्रिंग -> इंटिजर
काढ ('-' : बाकी) = निगेट (काढ बाकी)
काढ स = केस टेकव्हाइल इझडिजिट स ऑफ
  "" -> 0
  अंक -> रीड अंक

अर्थ सरळ आहे. सुरुवातीला उणे चिन्ह असेल तर बाकीचा आकडा काढून उलटा करा. नाहीतर सुरुवातीपासून जितके अंक सलग मिळतील तितके घ्या. एकही नसेल तर शून्य. थेट ‘रीड’ वापरलं तर "5 आंबे" वर प्रोग्राम ‘नो पार्स’ म्हणत कोसळतो, आणि आपल्या लायब्ररीचं ब्रीदच मुळी कोसळायचं नाही असं आहे.

आता इन्स्टन्स:

इन्स्टन्स नम स्ट्रिंग व्हेअर
  अ + ब = शो (काढ अ + काढ ब)
  अ * ब = शो (काढ अ * काढ ब)
  अ‍ॅब्ज = शो . अ‍ॅब्ज . काढ
  सिग्नम = शो . सिग्नम . काढ
  निगेट = शो . निगेट . काढ
  फ्रॉमइंटिजर = शो

‘शो’ आकड्याची पुन्हा स्ट्रिंग करतं. नम क्लासला किमान एवढ्या गोष्टी लागतात. वजाबाकी वेगळी लिहायची गरज नाही, निगेटवरून ती आपोआप मिळते. यातली एखादी ओळ गाळलीत तर कंपायलर फक्त वॉर्निंग देईल, आणि ती क्रिया वापरायच्या क्षणी प्रोग्राम पडेल. तेव्हा सगळ्या लिहा.

९.२ पासून जीएचसी थेट वापरताना स्ट्रिंगसारख्या ठरावीक टाइपवर इन्स्टन्स लिहायची परवानगी आपसूक असते. जुनी आवृत्ती असेल, किंवा कॅबाल प्रोजेक्टमध्ये भाषा म्हणून हास्केल २०१० लिहिलेलं असेल, तर फाइलच्या माथ्यावर फ्लेक्सिबल-इन्स्टन्सेस हे एक्स्टेन्शन चालू करावं लागतं.

फाइल जीएचसीआयमध्ये लोड करा आणि एकेक करून बघा:

"5" + 3 चं उत्तर "8".
"5 आंबे" + "3 आंबे" चंही "8".
पुटस्ट्रएलएन 5 चालतं आणि पडद्यावर 5 येतो, कारण तो 5 आता स्ट्रिंग आहे.
पुटस्ट्रएलएन ("एकूण: " ++ 5) लिहिलं की ‘एकूण: 5’.
पुटस्ट्रएलएन (रिव्हर्स 123) लिहिलं की 321.
सम ["5", "3 डझन", ""] चं उत्तर "8".

शेवटच्या ओळीवर जरा रेंगाळा. ‘सम’ हे फंक्शन हास्केलच्या मूळ लायब्ररीतलं. ते लिहिणाऱ्यांनी स्ट्रिंगचा विचारही केला नसेल. तरी ते आपल्या इन्स्टन्सवर चाललं, कारण त्याची अट फक्त ‘टाइप नममध्ये हवा’ एवढीच आहे. टाइपक्लासची खरी ताकद मला इथे दिसते: सहा ओळी लिहिल्या आणि नमवर आधारलेलं सगळं जुनं कोड नव्या टाइपसाठी खुलं झालं.

साधं 5 + 3 लिहून बघा. उत्तर अजूनही 8 हा आकडाच आहे, स्ट्रिंग नाही. टाइपबद्दल दुसरा काहीच सुगावा नसेल तर कंपायलर इंटिजरच धरतो.

पायरी ४: तुलना, जिथे भिंत लागते

बेरीज जमली, आता == बघू. "5" == 5 खरं येतं, कारण उजवीकडचा 5 आधी "5" होतो. "05" == 5 मात्र खोटं. आणि "9" > 10 हे खरं येतं! दोन्ही बाजू स्ट्रिंग झाल्या, आणि शब्दकोशाच्या क्रमाने '9' हे अक्षर '1' च्या नंतर येतं. जावास्क्रिप्टमध्ये "9" > 10 खोटं आहे, कारण एक बाजू आकडा असली की तिथे दुसरीचाही आकडा करतात. "9" > "10" मात्र तिथेही खरं. दोन ढिल्या भाषा, दोन वेगळे कायदे.

हे बदलायचं म्हणून स्ट्रिंगसाठी ‘इक्यू’ या बरोबरीच्या क्लासचा नवा इन्स्टन्स लिहिलात, तर स्ट्रिंगवर == वापरताक्षणी कंपायलर ठाम नाही म्हणतो. स्ट्रिंगची बरोबरी मूळ लायब्ररीत आधीच ठरलेली आहे, आणि एका टाइपला एका क्लासचा एकच इन्स्टन्स असतो. नममध्ये जागा रिकामी होती म्हणून आपण घुसलो. इथे जागा भरलेली आहे. सोपा मार्ग: वेगळं चिन्ह ठरवा, समजा ~=, आणि त्यात काढ अ == काढ ब अशी तुलना करा.

पीएचपीने इथे काय ठरवलं होतं तेही बघण्यासारखं आहे. तिथे आकड्याची स्ट्रिंगशी तुलना करताना स्ट्रिंगचा आकडा केला जायचा, म्हणून 0 == "आंबा" हे वर्षानुवर्षं खरं होतं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या पीएचपी ८ ने हा नियम बदलला. आता ते खोटं आहे. आपला ~= मात्र अजून त्या जुन्या पीएचपीसारखाच वागतो, कारण काढ "आंबा" म्हणजे 0. हवं तर तो सुधारणं हा चांगला सराव आहे: काढ ला इंटिजरऐवजी मेबी इंटिजर (म्हणजे आकडा किंवा ‘नथिंग’) परत करू द्या, आणि ‘आकडा नाही’ हे ‘शून्य’ पासून वेगळं ओळखा.

पायरी ५: खरं काय, खोटं काय

जर-तर लिहिताना हास्केलला बूलियनच लागतं. त्यासाठी स्वतःचा क्लास करा, नाव ‘खरंका’, आत एकच फंक्शन जे कुठल्याही किमतीचं बूलियन करेल. बूल, इंटिजर आणि स्ट्रिंगसाठी तीन इन्स्टन्स लिहा.

पहिले दोन चुटकीसरशी होतात. स्ट्रिंगवर विचार करावा लागतो. रिकामी स्ट्रिंग खोटी, यावर पीएचपी आणि जावास्क्रिप्ट दोघांचं एकमत आहे. "0" वर नाही: पीएचपीत ती खोटी, जावास्क्रिप्टमध्ये खरी, कारण रिकामी नाही. "0.0" मात्र पीएचपीतही खरी. तुम्ही काय ठरवाल? माझं मत पीएचपीच्या बाजूने झुकतं, कारण वेब फॉर्ममधून येणारी प्रत्येक गोष्ट मजकूर म्हणूनच येते आणि तिथे "0" लिहिणाऱ्याला बहुधा शून्यच म्हणायचं असतं. पीएचपी १९९५ साली रास्मुस लेर्डॉर्फ यांनी लोकांसमोर ठेवली ती वेब पानांसाठीच होती. तिचा ढिलेपणा त्या गरजेतून आला, निष्काळजीपणातून नव्हे.

एक अडचण इथे येईल. फाइलमध्ये ‘खरंका 0’ लिहिलंत तर कंपायलर टाइप संदिग्ध आहे म्हणतो. 0 इंटिजर असू शकतो, आता स्ट्रिंगही असू शकतो, आणि आपल्या नव्या क्लासच्या बाबतीत तो स्वतःहून अंदाज बांधत नाही. जीएचसीआयमध्ये नियम थोडे सैल असल्याने तीच ओळ चालून जाते. फाइलमध्ये 0 पुढे टाइप लिहून द्या.

मूळ ‘इफ’ च बदलायचा असेल तर रीबाइंडेबल-सिंटॅक्स हे एक्स्टेन्शन आहे. ते चालू केलं की इफ म्हणजे तुमचं इफ-देन-एल्स हे फंक्शन. पण त्याबरोबर प्रिल्यूड, म्हणजे हास्केलचं मूळ मॉड्यूल, आपोआप इम्पोर्ट होणं बंद होतं, ते हाताने करावं लागतं. सुरुवातीला या वाटेला जाऊ नका.

पायरी ६: ५ म्हणजे 5

मराठी वाचकांसाठी ही पायरी मी मुद्दाम घेतोय. "५" + "३" करून बघा. उत्तर "0". इझडिजिट हे फंक्शन फक्त 0 ते 9 हेच अंक ओळखतं. ‘इझनंबर’ विचाराल तर ५ हा अंक आहे असं तेच डेटा.चार मॉड्यूल कबूल करतं, पण त्यातलंच डिजिट-टू-इन्ट ५ दिल्यावर एरर फेकतं. पायथॉनमध्ये इन्ट ("५") चं उत्तर व्यवस्थित 5 येतं. जावास्क्रिप्टचा नंबर त्याच स्ट्रिंगला ‘आकडा नाही’ ठरवतो.

आपली लायब्ररी ‘चालतंय’ म्हणवते आणि तिला देवनागरी अंक चालत नाहीत, हे बरं नाही. युनिकोडमध्ये ० ते ९ हे दहा अंक 2406 ते 2415 या क्रमांकांवर सलग बसलेत, आणि साधा '0' आहे 48 वर. म्हणून:

सरळ अक्षर
  | अक्षर >= '०' && अक्षर <= '९' = टूइनम (फ्रॉमइनम अक्षर - 2406 + 48)
  | अदरवाइज = अक्षर

आता काढ च्या ‘केस’ असलेल्या ओळीत टेकव्हाइल इझडिजिट ला स ऐवजी (मॅप सरळ स) द्या. "५ किलो" + "३ किलो" चं उत्तर "8" येईल. उत्तर ८ असं हवं असेल तर शो नंतर उलटा बदल करणारं फंक्शन लिहावं लागेल. पण मग "5" + "3" चं उत्तर कुठल्या अंकांत द्यायचं, आणि "५" + "3" चं? ठरवा, आणि ठरवलेलं टिप्पणीत लिहून ठेवा.

जीएचसीआयमध्ये नुसतं "५" लिहिलं तर पडद्यावर तिरपी रेघ आणि 2411 दिसेल. घाबरू नका, स्ट्रिंग शाबूत आहे. शो हे फंक्शन इंग्रजीबाहेरची अक्षरं क्रमांकाने दाखवतं. पुटस्ट्रएलएन वापरा, ५ दिसेल. विंडोजच्या कन्सोलमध्ये तरीही प्रश्नचिन्हं आली तर आधी कोडपेज 65001 वर न्या.

पायरी ७: क्विकचेकला बोलवा

क्विकचेक हे कुन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली मांडलेलं साधन. तुम्ही नियम सांगायचा, ते यादृच्छिक किमती टाकून नियम मोडायचा प्रयत्न करतं. ‘चालतंय’ साठी दोन नियम तपासा. पहिला: (अ + ब) + क आणि अ + (ब + क) सारखे. हा पास होतो, कारण शेवटी सगळं इंटिजरच्या बेरजेवरच येतं. दुसरा: अ + 0 म्हणजे अ. हा पहिल्याच फटक्यात पडतो. क्विकचेक सर्वांत लहान किमतीपासून, म्हणजे रिकाम्या स्ट्रिंगपासून सुरुवात करतं, आणि "" + 0 म्हणजे "0".

शून्य मिळवल्याने काही बदलू नये ही बेरजेकडून केलेली सर्वांत साधी अपेक्षा. ती मोडली की काय होतं ते पुण्याच्या एसटीडी कोडवर बघा: "020" + 0 केलं की "20". कोल्हापूरचा 0231 घ्या, "231" उरतो. कोड गेला, एरर नाही, वॉर्निंग नाही. असं नुकसान खरोखर होतं. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या एचजीएनसी समितीने २०२० च्या सुमारास काही जनुकांची नावंच बदलली, कारण मार्च१, सेप्ट१ अशी नावं एक्सेलमध्ये टाकली की त्यांच्या तारखा होऊन बसायच्या.

पायरी ८: ढिलेपणाला कुंपण

आतापर्यंत केलेला नम स्ट्रिंग हा इन्स्टन्स ‘अनाथ’ म्हणवला जातो: नम आपला नाही, स्ट्रिंगही आपली नाही. कंपायलरला त्याबद्दलची वॉर्निंग द्यायला सांगितलंत तर तो ती देतो, आणि ती गंभीरपणे घ्यावी. इन्स्टन्स लपवता येत नाहीत. तुमचं मॉड्यूल कुणी इम्पोर्ट केलं, ते मॉड्यूल आणखी कुणी केलं, की प्रत्येक ठिकाणी "5" + 3 मुकाट्याने चालू लागतं. आणखी कुणी आपला नम स्ट्रिंग लिहिला असेल तर दोन्ही लायब्ररी एकत्र आणून बेरीज करताच भांडण. कामाच्या प्रोजेक्टमध्ये हा इन्स्टन्स कधीही ठेवू नका.

उपाय सोपा आहे. न्यूटाइप वापरून ‘ढिलं’ नावाचा स्वतःचा टाइप करा, आत एक स्ट्रिंग. नमचा इन्स्टन्स त्याला द्या. ओव्हरलोडेड-स्ट्रिंग्ज हे एक्स्टेन्शन चालू करून इझस्ट्रिंगचाही इन्स्टन्स द्या, म्हणजे आकड्यांसारखीच अवतरणातली अक्षरंही थेट ‘ढिलं’ होऊ शकतील. आता ("5" + 3) :: ढिलं चालतं, आणि उरलेला प्रोग्राम पूर्वीसारखाच कडक राहतो. टाइप आपला असल्यामुळे इक्यू आणि ऑर्डचे (लहान-मोठं ठरवणारा क्लास) इन्स्टन्सही आता आपल्या मर्जीने लिहिता येतात, म्हणजे चौथ्या पायरीतली भिंतही नाहीशी होते.

हा ‘ढिलं’ खऱ्या कामातही उपयोगी पडतो. बाहेरच्या एखाद्या सेवेकडून जेसन (माहिती मजकुराच्या रूपात पाठवायचा साचा) येतं, त्यात किंमत कधी 250 अशी, कधी "250" अशी. एसॉन लायब्ररीच्या फ्रॉमजेसन क्लासचा इन्स्टन्स या न्यूटाइपला द्या आणि दोन्ही रूपं तिथेच स्वीकारा. लगेच पुढच्या ओळीत त्याचा शुद्ध इंटिजर करा, मेबीच्या साहाय्याने, म्हणजे कचरा आला तर शून्य न होता ‘नथिंग’ हाती येईल. फोन नंबर, पिनकोड, आधार क्रमांक यांना मात्र या वाटेने कधीच नेऊ नका. ज्यांची बेरीज करायची नसते ते आकडे मजकूरच राहू द्या.

लायब्ररी हॅकेजवर टाकायची असेल तर नावापुढे अ‍ॅक्मी लावा, आधी ‘कँडिडेट’ म्हणून चढवून पान कसं दिसतं ते बघा. हॅकेजवर एकदा प्रसिद्ध केलेली आवृत्ती स्वतःहून काढून टाकता येत नाही, म्हणून ही तपासणी टाळू नका. वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहा की हे शिकण्यासाठी आणि गंमतीसाठी आहे, आणि नम स्ट्रिंग वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवा, म्हणजे ज्याला फक्त ‘ढिलं’ हवंय त्याच्या प्रोजेक्टमध्ये तो अनाथ इन्स्टन्स शिरणार नाही.